नेरळचा रूळ आणि दस्तुरीचा नाका

माथेरानला येणाऱ्याची वाट दोन जागी अडते. लोकलने आलात तर नेरळला उतरावंच लागतं. खालच्या गाडीचा रूळ साडेपाच फुटी, वर येणाऱ्या छोट्या गाडीचा दोन फुटी. लोकलचा डबा कितीही जोर लावून ढकलला तरी त्या रुळावर बसायचा नाही. १९०७ साली पीरभॉय कुटुंबाने ही लाइन सुरू केली, तेव्हापासून नेरळला फलाट बदलणं कुणाला चुकलेलं नाही. मोटारीने आलात तर दस्तुरी नाक्यावर उतरायचं. तिथे मात्र वाट संपलेली नसते. तांबड्या मातीचा रुंद रस्ता थेट बाजारापर्यंत जातो, जीप आरामात जाईल एवढा. पण गावात मोटारींना बंदी आहे. गाडी तिथेच लावा, प्रवासी कराची पावती घ्या आणि पुढे घोडा, रिक्षा नाहीतर आपले पाय.

म्हणजे नेरळला आपण अडतो ते मापापायी आणि दस्तुरीला अडतो ते नियमापायी. परदेशातून आलेली डीव्हीडी घरच्या प्लेअरवर चालत नाही, तेव्हा आधी हेच ओळखायचं असतं: ती नेरळला अडली आहे की दस्तुरीला? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर करत बसलं की संध्याकाळ वाया जाते. माझ्या दोन गेल्या आहेत.

२०१० च्या पावसाळ्यातली गोष्ट. न्यू जर्सीच्या मावशीने मुलाबरोबर खोकं पाठवलं होतं. मावसभाऊ कर्जतपर्यंत आला, पण वर यायला त्याला सवड नव्हती. पावसात नेरळहून छोटी गाडी बंद, म्हणून कर्जतहून लोकल, नेरळहून टॅक्सी आणि दस्तुरीपासून छत्रीखाली पाऊण तास चालत मी ते खोकं घरी आणलं. आत चॉकलेटं, वडिलांसाठी गुडघ्याला बांधायचा पट्टा आणि तीन डिस्क. पहिली दुकानातून घेतलेली, जंगली प्राण्यांवरची. दुसरी मावसबहिणीच्या लग्नाची. तिसरी त्यांच्या मंडळाने बसवलेल्या नाटकाची, कुणीतरी घरच्या रेकॉर्डरवर उतरवलेली. वडील तिन्हींना ‘कॅसेट’ म्हणत.

पहिली लावली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, की या डिस्कचा प्रदेश चुकीचा आहे, आणि ट्रे आपणहून बाहेर आला. दुसरी लावली. मांडव दिसला, पण काळा-पांढरा, आणि चित्र खालून वर सरकत राहिलं. नवरानवरीची डोकी तळाला आणि पाय माथ्याला. तिसरी आत गेली, बराच वेळ घरघरली आणि ‘नो डिस्क’ असं लिहून आलं.

“प्लेअर गेला,” वडील म्हणाले.

तिन्ही वेळा त्यांचं निदान हेच होतं, आणि ते चूक होतं. पण प्लेअर खरोखर गेला असता तर तो बगलेत मारून दस्तुरीपर्यंत चालत न्यायचा आणि पुढे डोंगर उतरायचा, हे समोर दिसत होतं. म्हणून आधी घरीच शोध घ्यायचा ठरवला.

पहिली डिस्क दस्तुरीला अडली होती. डीव्हीडी बाजारात आली ती १९९६ साली जपानात आणि पुढल्या वर्षी अमेरिकेत. सिनेमा कंपन्यांनी तिला हो म्हणताना एक अट घातली. सिनेमा अमेरिकेत आधी लागे, इकडच्या थिएटरांत काही महिन्यांनी पोचे. तोवर तिकडची डिस्क इकडे विकली गेली तर थिएटर रिकामं राहायचं. शिवाय किमतीचा प्रश्न होताच. २००७ च्या सुमारास आपल्याकडे मोझर बेअरने डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या होत्या; अमेरिकेत त्या भावात डिस्कची रिकामी डबीही मिळाली नसती. स्वस्त मुलखातला माल महाग मुलखात शिरू नये म्हणून जगाचे तुकडे पाडले. अमेरिका आणि कॅनडा १. युरोप, जपान, आखाती देश आणि दक्षिण आफ्रिका २. सिंगापूर, हाँगकाँग, दक्षिण कोरिया ३. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण अमेरिका ४. भारत, पाकिस्तान, रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग ५. चीन ६. सात नंबर राखीव ठेवला, आणि आठ विमान-जहाजांसाठी.

यात यंत्राचा भाग इतका थोडा आहे की हसू येतं. डिस्कवर सुरुवातीलाच आठ खुणांची एक जागा असते, एकेका प्रदेशाला एकेक: चालेल किंवा चालणार नाही. प्लेअरच्या पोटात एक आकडा असतो. डिस्क आत गेली की प्लेअर आपल्या आकड्यासमोरची खूण पाहतो आणि नकार दिसला की दार लावून घेतो. चित्र, आवाज, सगळं त्याला वाचता येत असतं. रस्ता पुढे आहे, नाक्यावरचा माणूस सोडत नाही, एवढंच.

डबीच्या मागे पृथ्वीच्या गोलाची छोटी खूण असते, तिच्यावर हा आकडा छापलेला असतो. गोलात आकड्याऐवजी ‘ऑल’ असेल तर काळजी नाही. अमेरिकेतल्या आपल्या वाणसामानाच्या दुकानांत हिंदी-मराठी सिनेमांच्या ज्या डिस्क मिळतात त्या बहुतेक अशा खुल्याच असतात. आणि घरी किंवा स्टुडिओत उतरवलेल्या लग्न-मुंजीच्या डिस्कवर प्रदेशाचं बंधन नसतंच, त्यामुळे तिथे ही शंका सोडून द्यावी.

नाक्यावरून सुटायचं कसं? आपल्याकडे विकले गेलेले पुष्कळसे स्वस्त प्लेअर मुळातच खुले असतात. उरलेल्यांत एक लपवलेलं पान असतं. कारखान्यात एकच यंत्र सगळ्या देशांसाठी बनतं आणि पाठवताना त्यात आकडा भरतात. तो भरायची जागा तशीच राहून जाते. माझा प्लेअर ज्याच्याकडून घेतला त्या दुकानदाराला फोन लावला. त्याने विचारलंही नाही काय झालंय म्हणून. म्हणाला, “ट्रे उघडा ठेवा, सेटअप दाबा, आता मी सांगतो ते आकडे टाका.” चार आकडे टाकल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात ५ उमटला. बाणाची कळ दाबत त्याचा ० केला, ट्रे बंद केला, संपलं. हे आकडे प्रत्येक मॉडेलचे निराळे, त्यामुळे माझे सांगून उपयोग नाही. प्लेअरच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर उतरवून घ्या आणि त्यावरून शोधा. काहींत सगळ्या प्रदेशांसाठी ० असतो, काहींत ९.

इथे एक खोच आहे. खुले प्लेअर वाढले तसं २००० च्या सुमारास काही अमेरिकन डिस्कनी उलटतपासणी सुरू केली. अशी डिस्क प्लेअरला विचारते, तू कुठला? तो ‘मी सगळीकडचा’ म्हणाला की जगाचा नकाशा दाखवून थांबते. त्या वेळी ० च्या हट्टाला न पेटता सरळ १ ठेवायचा.

कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचं मात्र जपून करावं. त्यात प्रदेश फक्त पाच वेळा बदलता येतो. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. गंमत म्हणून इकडेतिकडे करणाऱ्यांचे ड्राइव्ह भलत्याच खंडात अडकून पडलेले मी पाहिले आहेत. व्हीएलसी हा पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला फुकट प्लेअर बहुतेक वेळा हा आकडा विचारात घेत नाही. आणि कायद्याचं म्हणाल तर आपल्या कॉपीराइट कायद्यातली २०१२ ची दुरुस्ती डिस्कचं कुलूप तोडण्याबद्दल बोलते, पण ते हक्क बुडवायच्या हेतूने तोडलं तर. विकत घेतलेली डिस्क घरात बसून बघणं वेगळं आणि तिच्या नकला काढून विकणं वेगळं.

आकडा बदलून पहिली डिस्क पुन्हा लावली. ती चालली. चालली म्हणजे हरणांचा कळप काळा-पांढरा होऊन खालून वर सरकू लागला. दस्तुरी ओलांडली, आता नेरळ.

लग्नाच्या डिस्कचा आजारही हाच होता. याच्या मुळाशी घरातली वीज आहे. आपल्याकडे आणि युरोपात विजेचा प्रवाह सेकंदाला ५० फेऱ्या करतो, अमेरिकेत ६०. टीव्ही जन्माला आला तेव्हा चित्राचा ठेका विजेच्या ठेक्याशी जुळता ठेवणं सोपं होतं, नाहीतर पडद्यावर पट्टे सरकत. म्हणून अमेरिकेने सेकंदाला ३० चित्रं धरली आणि युरोपने २५. मग रंग आले. अमेरिकेने एनटीएससी ही पद्धत घेतली, जर्मनीतून पाल निघाली, आणि १९८२ साली एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं ते पालमध्ये. दोन गेज तयार झाले ते असे.

डीव्हीडीवर या दोघांची मापं ७२० ठिपके रुंद अशी सारखीच, पण उंचीत अमेरिकन चित्राच्या ओळी ४८० आणि आपल्या ५७६. एकदा कागदावर गुणाकार करून पाहा. ७२० गुणिले ४८० गुणिले ३०, आणि ७२० गुणिले ५७६ गुणिले २५. दोन्हीकडे उत्तर १ कोटी ३ लाख ६८ हजार. ओळी कमी तर चित्रं जास्त, ओळी जास्त तर चित्रं कमी; सेकंदाला ओतायचा माल तेवढाच. मला हे कळलं तेव्हा मी ते वडिलांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, “मग चालत का नाही?”

प्रश्न बरोबर होता. आमचा टीव्ही जुना, फुगीर काचेचा, फक्त पाल ओळखणारा. तो सेकंदाला ५० वेळा पडदा भरायच्या तालावर बसलेला, आणि प्लेअर त्याला ६० चा ताल देत होता. समेवर गाठ पडेना, म्हणून चित्र सरकायचं. रंगाचं दुखणं वेगळं. रंगाची माहिती एका निराळ्या लहरीवर बसून येते. पालमध्ये तिची जागा ४.४३ मेगाहर्ट्झला, अमेरिकन पद्धतीत ३.५८ ला. टीव्ही आपल्या जागी शोधतो, तिथे काही सापडत नाही, म्हणून तो रंग सोडून देतो आणि उजेड-अंधार तेवढा दाखवतो. म्हणून चित्र स्थिर असून नुसतं काळं-पांढरं असेल तर टीव्हीने ताल पकडलाय, रंग हुकलाय. सरकतही असेल तर दोन्ही हुकलंय.

उपाय रिमोटवर असतो. सेटअपमध्ये ‘टीव्ही टाइप’ नावाची ओळ असते, तिच्यात पाल, एनटीएससी आणि ऑटो. ऑटो म्हणजे डिस्क जशी असेल तशी पुढे ढकलणं. जुन्या टीव्हीला ते घातक. तिथे पाल ठेवलं की प्लेअर स्वतःच गेज बदलून देतो. काही रिमोटांवर त्यासाठी वेगळी कळही असते. आमच्याकडे पाल ठेवताच मांडवाला रंग आले, शालूचा हिरवा अगदी हिरवा. पण वरातीतल्या नाचात हात मध्येच उडी मारत होते. ३० चित्रांची २५ करायची म्हणजे सहांतलं एक गाळावं लागतं, ते गळालेलं नाचात दिसतं. विधी चालू असताना काही कळत नाही. भटजी हळूच हलतात.

आताच्या सपाट टीव्हींना दोन्ही ताल येतात. एचडीएमआयची वायर असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही. अडचण राहिली आहे ती उलट्या दिशेने. आपल्याकडचे प्लेअर बहुधा अमेरिकन डिस्क वाचतात, अमेरिकेतले प्लेअर मात्र बहुधा पाल वाचत नाहीत. कर्जत-खोपोलीतल्या लग्नाची डिस्क तिकडे पाठवायची असेल तर फोटोवाल्याला आधीच सांगावं, एक प्रत एनटीएससीत काढून दे. आणि मावशीने तिकडचा प्लेअरच पाठवला तर आधी मागची पट्टी वाचा. ११० व्होल्टचं यंत्र नुसती पिन बदलून आपल्या २३० व्होल्टला लावलं की धूर निघतो.

इंग्लंडहून आलेल्या डिस्कला गेजचा त्रास नाही, फक्त प्रदेश २. पण तिथे एक बारीक गोष्ट कानाला जाणवते. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चित्रित होतो. पालसाठी तो सरळ २५ ने पळवतात. दोन तासांचा सिनेमा ११५ मिनिटांत आटोपतो आणि आवाज चढतो. पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं काळी एकच्या उंबरठ्यावर जाऊन बसतं. पेटीवाल्या माणसाला हे लगेच खटकतं, बाकीच्यांना पाच मिनिटं वाचल्याचंही कळत नाही.

उरलं नाटक. ‘नो डिस्क’ म्हणजे ना नाका ना रूळ, ही दरड. प्लेअरला वाचताच आलेलं नाही. माथेरानच्या पावसाळ्यात पहिला संशय बुरशीवर घ्यावा. जून ते सप्टेंबर इथे चपलांना, पुस्तकांना, आरशांना बुरशी येते. प्लेअरच्या वाटाणाभर भिंगाने काय पाप केलंय? लेसरला जे कोरीव वाचायचं असतं त्याच्या दोन वळशांमधलं अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. भिंगावर धुक्याचा थर आला की खेळ संपला. पण दुसऱ्या दोन डिस्क चालत होत्या, म्हणजे भिंग निर्दोष. मग डिस्क उजेडात तिरपी धरली. कडेला धुरकट डाग होता. मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसला, गोल गोल नाही. माहिती गोलाकार कोरलेली असते; आडवा ओरखडा प्रत्येक वळशाचा थोडासाच तुकडा खातो आणि तेवढं प्लेअर भरून काढतो, गोल ओरखडा मात्र एकाच ओळीचा लांब पट्टा पुसून टाकतो.

तरीही ‘नो डिस्क’. रात्री मावशीला फोन लावला, तिकडे सकाळ.

“अगं मावशी, उतरवून झाल्यावर रेकॉर्डरवर ‘फायनलाइज’ केलं होतं का?”

“ते काय असतं रे बाळा?”

ते असं असतं: घरच्या रेकॉर्डरवर डिस्क भरली की शेवटी अनुक्रमणिका लिहून ती बंद करावी लागते. ते राहिलं तर ती ज्या यंत्रावर भरली त्यालाच कळते, इतरांना कोरी वाटते. मावशीच्या यजमानांनी त्याच रेकॉर्डरवर दुसरी प्रत काढली, या वेळी शेवटचं बटण दाबून, आणि दिवाळीत कुणाबरोबर तरी पाठवली. तोवर छोटी गाडीही सुरू झाली होती.

वडिलांनी आरामखुर्ची टीव्हीसमोर ओढली. पडदा उघडला, रंग होते, चित्र जागच्या जागी होतं. पहिला अंक झाला, दुसऱ्यात नायिका पत्र फाडायला लागली आणि लाइट गेले. अंधारात थोडा वेळ कुणी बोललं नाही.

“आता कुठला आकडा टाकायचा?” वडिलांनी विचारलं.