थरथरणारा पाइप
समुद्रतळावरच्या तेलविहिरीपासून वर जहाजापर्यंत येणारा पोलादी पाइप म्हणजे रायझर. किलोमीटरभर लांब झाला, की पोलादही दोरीसारखं वागतं. प्रवाह त्याला वळसा घालून जाताना मागे डावीकडे, उजवीकडे असे आळीपाळीने भोवरे सुटतात. अर्धा मीटर व्यासाचा पाइप आणि सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी असेल, तर साधारण अडीच सेकंदांनी एक हेलकावा. ही लय पाइपच्या स्वतःच्या लयीशी जुळली, की थरथर वाढते, धातू थकतो, जोडांना तडे जातात.

उपाय गमतीचा आहे: पाइपभोवती मळसूत्री पट्ट्या. मग भोवरे एका तालात सुटतच नाहीत. ही युक्ती मुळात १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये वाऱ्याने डोलणाऱ्या धुराड्यांसाठी निघाली. फुकट मात्र नाही. पट्ट्यांमुळे पाण्याचा रेटा वाढतो. म्हणून काही ठिकाणी प्रवाहाबरोबर वळणारी, माशासारखी निमुळती आवरणं बसवतात.