नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

दिवाळीत विट्याच्या बाजारपेठेत चोपडीपूजन होते, तेव्हा वर्षभराच्या देण्याघेण्याचा पै-पैचा हिशेब पेढीवर तयार असतो. त्याच घरात दुकानाची जागा कोणाच्या नावावर आहे, धाकट्या भावाचा वाटा केव्हा ठरला, सासरी गेलेल्या लेकीचा हक्क किती, असे विचारले तर उत्तर येते, ‘ते सगळे घरातच आहे.’ या उत्तरावर एखादी पिढी निभावून जाते. कर्ता पुरुष अचानक गेला की मात्र तेच उत्तर वादाचे मूळ ठरते. विट्यातील अनेक कुटुंबे यंत्रमाग, सराफी आणि गलाईच्या व्यवसायानिमित्त दूरदूर विखुरलेली आहेत. एक भाऊ गावी, दुसरा परप्रांतात, बहीण सासरी आणि कागद मात्र वडिलांच्या कपाटात, अशी स्थिती येथे नवी नाही.

बँकेच्या अर्जावर नॉमिनीचे नाव लिहिले की वारशाचा प्रश्न मिटला, हा व्यापारी घरांतील सर्वांत रूढ गैरसमज होय. तो किती महाग पडतो, हे महाराष्ट्रातील एका खटल्यातून दिसते. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या काही ठेवींवर आणि म्युच्युअल फंडांवर कुटुंबातील काही जणांची नावे नॉमिनी म्हणून होती. ही गुंतवणूक नॉमिनींची, की मृत्युपत्राप्रमाणे वारसांची, असा प्रश्न उभा राहिला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल झाला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १४ डिसेंबर २०२३ रोजी आला. नॉमिनी हा केवळ रक्कम किंवा रोखे स्वीकारणारा विश्वस्त असतो. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच ठरते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. व्यवहारात जाणत्या आणि मृत्युपत्र करून ठेवणाऱ्या गृहस्थाच्या पश्चातही हा प्रश्न सुटण्यास सुमारे दहा वर्षे लागली. जेथे मृत्युपत्रच नाही, तेथे काय होईल, याची कल्पना करता येते.

विम्याच्या बाबतीत एक अपवाद लक्षात ठेवावा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमेदाराने आई-वडील, पती वा पत्नी किंवा मुले यांना नॉमिनी केले असल्यास ती रक्कम सामान्यतः त्यांच्याच मालकीची होते. बँक ठेवींना हा नियम लागू नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चार नॉमिनी नेमता येतात. परंतु नावे चार झाली, म्हणून नॉमिनीचा वारस होत नाही.

आपल्याला कोणता कायदा लागू?

जैन समाजाला २७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यामुळे विवाह-वारशाचा कायदाही बदलला, असे काहींना वाटते. तसे झालेले नाही. हिंदू विवाह अधिनियम १९५५ आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ यांच्या दुसऱ्याच कलमात जैनांचा स्पष्ट उल्लेख आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयाने जैन दांपत्यांचे अर्ज या कायद्याखाली चालणार नाहीत, असा निर्णय दिला होता. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो रद्द केला. भद्रबाहु संहिता आणि अर्हन्नीती यांसारख्या ग्रंथांच्या आधारे बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी १९२६ मध्ये जैन कायद्याचे संकलन प्रसिद्ध केले होते. तो आपल्या इतिहासाचा मोलाचा भाग आहे. परंतु आज न्यायालयात चालतात ते वरील अधिनियम.

लेकीचा वाटा आणि हक्कसोडपत्र

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासूनच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे हक्क दिला होता; मात्र त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट राहिली नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा हक्क जन्मसिद्ध आहे. त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते, याने फरक पडत नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्यांना मात्र बाधा येत नाही.

वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास वडिलांची आई या सर्वांना सारखा वाटा मिळतो. तरुण व्यापारी अकाली गेला, तर त्याची आई पहिल्या वर्गातील वारस असते, वडील नसतात. ही गोष्ट फार थोड्या घरांत ठाऊक असते.

‘लग्नात सगळे दिले’ असे म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्र घेण्याची रीत जुनी आहे. बहीण आनंदाने हक्क सोडू शकते. तो तिचा अधिकार आहे. पण काय सोडते आहे, हे समजल्यावर सोडणे निराळे आणि घाईने सही करणे निराळे. स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र नोंदणीकृतच असावे लागते. भावाने स्वतःहून ‘ताई, आधी तुझ्या वकिलाला दाखव’ असे म्हणावे. पुढे हरकत निघण्याचा धोका त्यामुळे कमी होतो आणि नातेही टिकते.

विवाहातील तंटे

संसारात दुरावा आला की समाजाचे ज्येष्ठ मध्यस्थी करतात. हे चांगलेच आहे. मात्र पंचांसमोर मुद्रांकावर लिहिलेली फारकत म्हणजे घटस्फोट नव्हे. दीर्घकाळ चालत आलेली रूढी न्यायालयात सिद्ध करता आली, तरच अपवाद होतो. अशा कागदावर विसंबून दुसरा विवाह केल्यास तो बेकायदा ठरू शकतो. परस्परसंमतीने घटस्फोट हवा असल्यास किमान एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावे लागते. योग्य प्रकरणी न्यायालय ही मुदत माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे. विवाहात वधूला मिळालेले दागिने हे तिचे स्त्रीधन असते. ते सासरच्या तिजोरीत ठेवले, म्हणून सासरचे होत नाहीत.

जेथे मारहाण किंवा छळ आहे, तेथे समेटाची वाट पाहत बसू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार स्त्रीला संरक्षण, राहत्या घरात निवास आणि निर्वाहखर्च मागता येतो. महिलांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे.

वृद्ध आई-वडिलांसाठी २००७ चा स्वतंत्र कायदा असून निर्वाहाचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करता येतो. मुलाच्या नावे बक्षीसपत्र करताना ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट दस्तातच लिहावी; ती मोडल्यास बक्षीसपत्र रद्द करून मागता येते.

वकिलाकडे केव्हा जावे?

साधे मृत्युपत्र घरीही लिहिता येते. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र आवश्यक आहेत, आणि ते लाभार्थींपैकी नसणे उत्तम. परंतु वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित मिळकत एकमेकांत मिसळली असेल, भागीदारी पेढी असेल किंवा अविभक्त कुटुंबाचे खाते असेल, तर जाणकाराचा सल्ला घ्यावा. भागीदारी करारात तशी तरतूद नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते, हे व्यापाऱ्याने विसरू नये.

न्यायालयाची नोटीस किंवा समन्स आले, की त्याच आठवड्यात वकील गाठावा. दुर्लक्ष केल्यास निकाल एकतर्फी लागू शकतो. न वाचलेल्या कागदावर किंवा कोऱ्या मुद्रांकावर कोणी सही मागितली, तर ती करण्यापूर्वीच जावे. जाताना सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, वारसनोंदीचा फेरफार, जुने वाटणीपत्र आणि तारखांसह घटनाक्रम सोबत न्यावा. आपल्या बाजूचे दोषही वकिलाला सांगावेत.

पैशाअभावी कोणी मागे राहण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी.

पर्युषणात भाऊ भावाला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. पुढच्याच महिन्यात ते दोघे न्यायालयाच्या ओसरीत एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसावेत, यासारखे दुःख नाही. त्यांच्यातील वैर बहुधा लोभातून आलेले नसते. वडिलांनी न लिहिलेल्या चार ओळींतून आलेले असते. वकिलाचा सल्ला घेणे म्हणजे भांडणाला आमंत्रण देणे नव्हे. घरातील सर्व माणसे एका पंगतीला जेवत आहेत, तोवर घेतलेला सल्ला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सौम्य असतो. येत्या चोपडीपूजनाला व्यापाराच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवावी. मिळकती कोणत्या, त्या कोणाच्या नावावर, नॉमिनी कोण, मृत्युपत्र कोठे, एवढे तिच्यात लिहावे आणि लिहिलेले मुलांना व मुलींना एकत्र बसवून वाचून दाखवावे.