तालमीच्या आश्रयाला आलेला फुटबॉल

एखादा फुटबॉल संघ नेमका कोणाचा, या प्रश्नाला आपल्या देशात तीन निरनिराळी उत्तरे मिळतात. पहिले उत्तर पलटणीचे. १८६३ साली लंडनमध्ये या खेळाचे नियम एकत्र बांधले गेले आणि इंग्रज शिपायांच्या सामानाबरोबर तो हिंदुस्थानात आला. १८८८ साली सिमल्यास ड्युरँड चषकाची आणि १८९१ साली मुंबईस रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा मैदानावर होत्या त्या गोऱ्या पलटणी. दुसरे उत्तर कारखान्याचे. गिरण्या, तेलकंपन्या, रेल्वे आणि पोलाद कारखाने यांनी आपापले संघ उभे केले. खेळाडूला नोकरी मिळाली आणि मालकाला नाव मिळाले. तिसरे उत्तर वस्तीचे. एखादी आळी, एखादी पेठ, एखादा वाडा आपली मुले मैदानात उतरवतो आणि संघाला आपले नाव देतो. १९११ साली अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा दोन विरुद्ध एक गोलांनी पराभव करणारा कलकत्त्याचा मोहन बागान हा मुळात अशाच एका वस्तीचा संघ होता.

दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरांतील अंतर किती मोठे आहे, हे भिलाईसारख्या गावी गेल्यावर चटकन ध्यानात येते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. उभारणीच्या त्या धांदलीत मजुरांसाठी ज्या वसाहती वसल्या, त्यांना नाव ठेवण्याइतकीही कोणास सवड नव्हती. कॅम्प-१, कॅम्प-२ असे आकडेच त्यांच्या वाट्यास आले आणि ते आजतागायत टिकले. अनेक प्रांतांतून आलेली, अनेक भाषा बोलणारी माणसे तेथे शेजारी झाली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. अशा नगरीत मैदान कारखाना आखून देतो, आणि संघात कोणी खेळावयाचे हे बव्हंशी नोकरीवर ठरते. यात गैर काहीच नाही. तथापि तेथून जरा दूर, आपल्या कोल्हापुराकडे दृष्टी वळविली, म्हणजे नोकरीच्या आधाराशिवाय, केवळ पेठेच्या अभिमानावर फुटबॉल कसा जगतो, याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठसठशीत उदाहरण आपल्यासमोर उभे राहते.

कोल्हापूर म्हटले की आपल्या मनात कुस्ती येते, आणि ते योग्यच आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी मल्लविद्येला जो आश्रय दिला, त्याची साक्ष खासबागेचे मैदान आजही देते. परंतु याच शहरात फुटबॉलच्या सामन्यासाठी माणसे दुकाने लवकर मिटतात, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतर भागांत फारशी ठाऊक नसते. कुस्तीच्या गावी फुटबॉल रुजला कसा, याचे नवल वाटते खरे. पण तो तेथे रुजला याचे एक मोठे कारण कुस्तीच आहे, असे मला वाटते.

तालीम ही कोल्हापुरात निव्वळ व्यायामाची जागा कधीच नव्हती. आत लाल मातीचा हौद, कोपऱ्यात मारुती, भिंतीशी मुद्गल, आणि बाहेर कट्टा. हौदावर वस्तादाचा शब्द चाले, तर कट्ट्यावर पेठेचा कारभार चाले. भांडण मिटवावयाचे असो, लग्नकार्याला हात लावावयाचा असो, पुराच्या वेळी माणसे हलवावयाची असोत, तालमीतील तरुण पुढे होत. गणपती तालमीत बसे आणि अनेक तालमींत मोहरमचे पंजेही बसत, आजही बसतात. म्हणजे पेठेला एकत्र आणणारे घर तेथे आधीच बांधलेले होते. फुटबॉल आला तो या तयार घरात राहावयास आला. इतर शहरांत क्लब काढण्यासाठी आधी जागा, वर्गणी आणि सभासद गोळा करावे लागतात. येथे हे सारे हाताशी होते, उणीव होती ती फक्त चेंडूची.

संघांची नावे पाहिली तरी हा इतिहास उलगडतो. पाटाकडील तालीम मंडळ हे नाव जागेची खूण सांगते. दिलबहार तालीम मंडळ या नावात फारशीचा जुना गोडवा आहे. खंडोबा आणि बालगोपाल या तालमी दैवतांच्या नावाने उभ्या आहेत. शिवाजी तरुण मंडळ छत्रपतींचे नाव मिरविते, तर प्रॅक्टिस क्लब या नावाने सरळ इंग्रजी शब्द उचलला आहे. मराठी, फारशी आणि इंग्रजी या तीन राजवटींच्या भाषा एकाच स्पर्धेच्या तक्त्यावर अशा शेजारी शेजारी बसलेल्या अन्यत्र क्वचितच आढळतील. फुलेवाडीसारख्या उपनगरातील मंडळानेही पुढे या तक्त्यावर आपले स्थान मिळविले.

मैदानांची कथाही अशीच आहे. जुन्या कोल्हापुरात तळ्यांची रेलचेल होती. त्यांतील वरुणतीर्थ बुजून गांधी मैदान झाले आणि रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी राजर्षी शाहू स्टेडियम उभे राहिले. ज्या पेठांच्या मुलांनी तळ्यात पोहावयाचे, त्यांची नातवंडे त्याच जागी चेंडूमागे धावू लागली. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचते तेव्हा तळे आपली जुनी जागा विसरलेले नाही असे वाटते. कलकत्त्याचा फुटबॉल पावसात बहरतो. कोल्हापुरात मात्र पाऊस सरल्यावर, हिवाळ्याच्या तोंडावर हंगामाची चाहूल लागते आणि उन्हाळ्याच्या तडाख्यापर्यंत सामने चालू राहतात.

या सर्व खेळाचे नियमन संस्थानी काळात स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन करते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले; परंतु छत्रपती घराण्याने या खेळाला दिलेला आश्रय विलीन झाला नाही. आरंभी खेळाडूंची नोंदणी होते. मग साखळी स्पर्धा होते आणि वरिष्ठ गटातील संघ एकमेकांशी झुंजतात. त्यानंतर निरनिराळ्या चषकांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा लागतात. या दोन पद्धतींत यशाची कसोटी निराळी असते, हे सामान्य प्रेक्षकालाही तेथे पक्के ठाऊक असते. साखळीत धीर लागतो. एखादा सामना बरोबरीत सुटला तरी पुढे भरून काढता येतो, आणि ज्याच्याकडे राखीव खेळाडू चांगले तोच अखेर वर येतो. बाद पद्धतीत एक दुपार पुरे होते. वर्षभर बलाढ्य ठरलेला संघ अखेरच्या पेनल्टींत एका चुकलेल्या फटक्याने घरी जातो, आणि ज्याचे नाव कोणी घेत नव्हते त्याच्या पेठेत रात्री हलगी कडाडते आणि गुलाल उधळला जातो.

तालीम संघांच्या यशापयशाचा आलेख पाहिला तर त्यात एक नियम दिसतो. कोणत्याही एका मंडळाची सद्दी कायमची टिकलेली नाही. पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल या मंडळांमध्ये मानाचे चषक फिरत राहिले आहेत. याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. पेठेत एका वेळी आठदहा चांगली मुले एका वयाची निघतात. ती एकाच शाळेत जातात, एकाच मैदानात खेळतात. एकाने मान वळविली तरी दुसऱ्याला चेंडू कोठे येणार हे कळते. अशी पिढी विशीत आली की काही वर्षे त्या मंडळाला कोणी हात लावू शकत नाही. मग कोणाला नोकरी लागते, कोणाचा गुडघा जातो, कोणी संसारात गुंततो. मागची पिढी तयार नसेल, तर तेच मंडळ खालच्या गटात घसरण्याच्या भीतीने खेळू लागते. धनिकाच्या संघाला ही पोकळी पैशाने भरता येते. हौशी संघाला ती भरावयाची असेल, तर दहा वर्षे आधी लहान मुलांकडे लक्ष द्यावे लागते.

हौशी या शब्दावर येथे थोडे थांबले पाहिजे. हौशी म्हणजे कच्चा, असा अर्थ आपण नकळत करतो. वास्तविक ज्याची उपजीविका खेळावर नाही तो हौशी. सकाळी कामावर जाऊन दुपारी मैदानात उतरणारा तरुण दमसासात कोणाला हार जात नाही. पण त्याच्यामागे शिक्षक, वैद्य आणि नियमित आहार यांची यंत्रणा नसते. या उणिवेची किंमत देशानेही मोजली आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून दोन विरुद्ध एक असे थोडक्यात हरले. १९५२ साली हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढविले, आपल्याला एकच करता आला. त्यानंतर बूट घालणे आपल्याकडे सक्तीचे झाले. त्याच हेलसिंकीत, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. तालमीच्या मातीत शिस्त होती, गुरुपरंपरा होती, लहानपणापासूनचा मेहनतीचा क्रम होता. फुटबॉलने तालमीचे घर घेतले. तालमीची ही शिस्त मात्र त्याने पुरती घेतली नाही, हेच माझ्या मते कोल्हापूरच्या फुटबॉलचे खरे दुखणे आहे.

कुस्तीत वस्ताद दहा वर्षांच्या पोराला हौदात उतरवितो आणि त्याचा खुराक, त्याची झोप, त्याची संगत पाहतो. फुटबॉलमध्ये मंडळाची नजर बहुधा मुलगा चमकू लागल्यावर त्याच्याकडे वळते. ज्यांना पुढे जावयाचे असते त्यांना म्हणून कोवळ्या वयात गाव सोडावे लागते. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. भारताचा संघ कोणत्याही फुटबॉल विश्वचषकात उतरण्याची ती पहिलीच वेळ होती. दिल्लीच्या मैदानावर अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याशी झालेले तिन्ही सामने आपण हरलो. परंतु त्या संघाच्या आघाडीच्या फळीत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, आणि त्याचे शिक्षण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाले होते. कोल्हापूरच्या मुलींनीही मागे राहण्याचे नाकारले. भारतीय महिला लीगच्या २०१९-२० च्या हंगामात या शहराच्या नावाचा संघ उतरला. गुण पेठेत जन्मतो. त्याला आकार देण्याची सोय मात्र बहुतेक वेळा पेठेबाहेर असते.

नोकरीचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. महाराष्ट्र शासनाने सेवाभरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. शासनाच्या सेवेत असलेला मनुष्य या धोरणाचे मोल जाणतो. परंतु त्यासाठी लागतात ती राज्य वा राष्ट्रीय पातळीवरील कामगिरीची प्रमाणपत्रे. शाहू स्टेडियमवर हजारोंनी डोक्यावर घेतलेला तरुण त्या कसोटीस उतरतोच असे नाही. पेठेने दिलेली कीर्ती आणि फायलीत लावता येणारा कागद, या दोहोंमधील दरीत अनेक चांगले खेळाडू हरवून जातात.

गेल्या काही वर्षांत या दरीवर मंडळांनी एक सोपा पूल टाकला आहे. बाहेरगावचे, परप्रांतांतील, इतकेच नव्हे तर आफ्रिकेतील खेळाडू हंगामापुरते आणावयाचे. त्यांच्यामुळे खेळाची गती वाढली, स्थानिक मुलांना नवे डावपेच दिसले, हे मान्य केले पाहिजे. परंतु वर्गणीतून उभा राहणारा पैसा जर आणलेल्या खेळाडूंवरच सरू लागला, तर धाकट्या मुलांच्या बुटांना आणि शिक्षकाच्या मानधनाला काय उरणार? आणि अकरांपैकी पाचसहाजण पेठेत कोणाच्याच ओळखीचे नसतील, तर विजयानंतर उधळलेला गुलाल नेमका कोणाच्या नावाने उधळावयाचा?

अभिमानाची दुसरी बाजूही लपविण्याचे कारण नाही. जो मैदानात खेळतो तो प्रेक्षकाचा भाऊ, भाचा वा शेजारी असतो. त्यामुळे त्याला बसलेला धक्का प्रेक्षकाला स्वतःला बसल्यासारखा वाटतो. मग पंचांवर आरडाओरडा होतो, दगड येतात, सामना थांबतो, आणि भांडण मैदानातून पेठेच्या तोंडापर्यंत पोचते. अशा प्रकारांमुळे हंगामच मध्ये थांबविण्याची पाळी आल्याची उदाहरणे आहेत. पोलिस बंदोबस्त वाढविणे हा त्यावर तात्पुरता इलाज झाला. कायमचा इलाज तालमीच्या कट्ट्यावरच आहे. हौदात उतरण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याशी हात मिळविण्याची रीत जेथे शिकविली जाते, तेथे हरल्यावर टाळी वाजविण्याची रीतही शिकविता येईल. वस्तादाने डोळे वटारले की जो तरुण गप्प बसतो, त्याला आवरण्यासाठी लाठी लागू नये.

तेव्हा तालीम संघाची योग्यता कशावरून मोजावी? कपाटातील चषक मोजणे सोपे आहे, आणि ते मोजलेही जावेत. परंतु त्याबरोबर आणखी एक हिशेब दरवर्षी नोंदणीच्या दिवशी मांडण्यासारखा आहे: यंदाच्या संघात आपल्या गल्लीत वाढलेले किती, आणि बारा वर्षांखालील किती मुले रोज सायंकाळी कोणाच्या तरी देखरेखीखाली मैदानात येतात. ज्या मंडळाच्या या दोन्ही संख्या वाढत्या असतील, त्याने यंदा अंतिम सामना गमावला तरी चिंता करू नये. ज्याच्या त्या घटत असतील, त्याने चषक मिरवीत असतानाच सावध व्हावे. भिलाईच्या कॅम्पात निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या माणसांना आकड्यांची वस्ती आपलीशी करावयास दोन पिढ्या लागल्या असतील. कोल्हापूरच्या पेठांना ते आपलेपण वारशानेच मिळाले आहे. ते मैदानावर जपणे आता त्यांच्या हाती आहे.