घराची गाडी की मालाची गाडी? लहान व्हॅन घेण्यापूर्वीचा हिशेब

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर या कापडाच्या गावांत लहान व्यापाऱ्याच्या दारात बहुधा एकच चारचाकी उभी असते. सकाळी तीच गाडी ताके घेऊन प्रोसेसला जाते, दुपारी मुलांना शाळेतून आणते आणि लग्नसराईत सारा कुटुंबकबिला घेऊन परगावी निघते. दोन गाड्या पोसण्याची ताकद प्रत्येकात नसते, म्हणून एकीवरच दोन्ही कामे भागवावीत ही इच्छा चुकीची नाही. परंतु गाडी दोन कामे करते म्हणून तिचे कागदही दोन्ही कामांचे असतात, असा जो समज बाजारात आहे तो महागात पडणारा आहे. या लेखात आम्ही त्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

अशा वापराची सवय आपल्याला मारुतीच्या व्हॅनने लावली. १९८४ मध्ये ती बाजारात आली, पुढे ओम्नी या नावाने घराघरांत पोहोचली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. २०१० मध्ये त्याच घराण्यातली ईको आली. २००५ मध्ये टाटांची एस आली, जिला आपण सर्रास छोटा हत्ती म्हणतो. यांपैकी ईको प्रवासी गाडी म्हणूनही मिळते आणि फक्त पुढे दोन आसने असलेली मालवाहू म्हणूनही मिळते. बाहेरून दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. कायद्याच्या नजरेत मात्र त्या दोन वेगळ्या जाती आहेत.

पाटीचा रंग काय सांगतो

पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खाजगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे व्यवसायाची, अर्थात वाहतुकीची गाडी. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मालवाहू गाडीला फिटनेसचा दाखला लागतो. नवीन गाडीला तो २ वर्षांचा मिळतो, ८ वर्षे होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तो नवा करून घ्यावा लागतो.

एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परमिट लागत नाही. तसेच हलक्या वाहनाचे साधे लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. या दोन सवलतींवरून आपले अनेक बांधव असे धरून चालतात की छोट्या हत्तीत काहीही आणि कुणालाही न्यावे. असे नाही. परमिटची सूट मालासाठी आहे आणि लायसन्सचा निर्णय चालकासाठी आहे. मागच्या हौद्यात माणसे बसवण्याची परवानगी यांपैकी कशानेही मिळत नाही.

दंड लहान, भरपाई मोठी

नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या संख्येपेक्षा जास्त प्रवासी वाहतुकीच्या गाडीत बसवले तर प्रत्येक जादा माणसामागे २०० रुपये दंड आहे. रक्कम ऐकून कोणी घाबरत नाही. पण त्याच कलमात असेही म्हटले आहे की जादा माणसांना उतरवून त्यांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी पुढे जाऊ द्यायची नाही. बायका-मुले महामार्गाच्या कडेला उभी राहतात ती अशी.

खरा धोका दंडाचा नाही, अपघाताचा आहे. मालवाहू गाडीत मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी याला १९९४ च्या दुरुस्तीने सक्तीच्या विम्यात जागा मिळाली. तोही हौद्यात नव्हे, चालकाच्या केबिनमध्ये बसलेला असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले. मात्र फुकट बसवलेले पाहुणे, नातेवाईक, शेजारी यांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे त्या न्यायालयाने डिसेंबर २००२ च्या निर्णयात ठरवले आणि २००४ मध्ये पुन्हा सांगितले. काही दाव्यांत कंपनीने आधी पैसे भरावेत आणि मालकाकडून वसूल करावेत, असा हुकूम होतो. दोन्ही वाटांनी शेवटी बोजा गाडीमालकाच्याच डोक्यावर येतो.

हा बोजा किती असतो ते उदाहरणाने पाहू. समजा, लग्नाला जाताना हौद्यात बसलेला ३० वर्षांचा एक विणकर दगावला. तो स्वतःच्या कामावर महिना १५,००० रुपये मिळवत होता आणि त्याच्यावर पाच माणसे अवलंबून होती. वर्षाचे उत्पन्न १,८०,०००. न्यायालयाच्या ठरलेल्या रीतीप्रमाणे पुढील वाढीसाठी ४० टक्के मिळवले की २,५२,००० होतात. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा केला की १,८९,००० उरतात. या वयाला १७ ने गुणतात. रक्कम होते ३२,१३,००० रुपये. व्याज आणि इतर बाबी वेगळ्या. ज्याच्याकडे चार लूम आणि एक गाळा आहे, त्याने ही रक्कम कोठून आणावी? ज्याला आपण प्रेमाने गाडीत बसवले, त्याच्याच विधवेला आपल्याविरुद्ध कोर्टात उभे राहावे लागते, आणि तीही चूक नसते.

पांढरी पाटी घेतली म्हणजे सुटलो काय?

येथे दुसरी बाजू पाहणे जरूर आहे. ईकोसारखी प्रवासी व्हॅन खाजगी नावावर घेतली तर कुटुंबाचा प्रश्न बराच सुटतो, मालाचा सुटत नाही. खाजगी गाडीच्या विमा पॉलिसीत वापराची मर्यादा छापलेली असते. भाड्याने देणे आणि मालाची वाहतूक या गोष्टी तीत वगळलेल्या असतात. अपवाद दोनच, नमुने आणि स्वतःचे प्रवासी सामान. आपल्या धंद्यात ही ओळ फार महत्त्वाची आहे. साड्यांचे नमुने, शेड कार्ड, दोन-चार पीस घेऊन गिऱ्हाइकाकडे जाणे हे चालते. आसने दुमडून गठ्ठे भरणे म्हणजे मालवाहतूक. अशा वेळी अपघात झाला तर कंपनीच्या हाती नकार द्यायला कारण मिळते.

विमा घ्यावा की नाही याबद्दल आपल्यात वेगवेगळी मते आहेत. तो विषय या पानाचा नाही. तिसऱ्या व्यक्तीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, एवढे सर्वांना माहीत आहे. पण तेवढाच विमा घेणाऱ्याने हे जाणून असावे की खाजगी गाडीत सोबत बसलेली माणसे त्यात धरली जात नाहीत. ती पॅकेज पॉलिसीत, म्हणजे लोक ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतात त्यात धरली जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही गोष्ट साफ केली आहे. जुनी व्हॅन स्वस्तात घेऊन तिच्यावर कमीत कमी विमा काढायचा आणि आठ माणसे बसवायची, हा सौदा सर्वांत कच्चा. गाडीमालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचा अपघात विमा वेगळा असतो, तो बायको-मुलांना लागू होत नाही.

आसने बसवणे, काढणे

काही जण मालवाहू व्हॅन घेऊन गॅरेजमध्ये मागे बाकडे बसवून घेतात. काही जण उलटे करतात, प्रवासी व्हॅनची आसने कायमची काढून टाकतात. नोंदणी पुस्तकातील वर्णनाशी गाडी जुळेनाशी झाली की तो कायद्याने मना केलेला बदल होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय गॅरेजवाल्याने चार बोल्टांवर बसवलेले बाकडे धक्क्यात उखडते, आणि त्याला पट्टाही नसतो.

करांचा हिशेब

पिवळी पाटी घेण्यामागे जीएसटीचे गणितही असते. मालवाहू गाडी धंद्यासाठी घेतली तर तिच्यावर भरलेला कर जमा धरता येतो. चालकासह १३ पर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवर ती सवलत सामान्य व्यापाऱ्याला नाही. मात्र मालवाहू गाडी काही अंशी घरासाठी वापरली तर पूर्ण जमा हक्काने घेता येत नाही, धंद्याच्या हिश्श्यापुरतीच घेता येते. आयकरात घसारा आणि पेट्रोल यांनाही हाच न्याय आहे. दराचा फरक आता फारसा राहिलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाडी आणि १२०० सीसीपर्यंतची, ४ मीटरच्या आतील पेट्रोल गाडी, दोन्हींवर १८ टक्केच आहे. तेव्हा केवळ कर वाचावा म्हणून घरच्या गाडीला पिवळी पाटी लावण्यात शहाणपण नाही.

गठ्ठा आणि माणूस एकत्र

कागद बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एकदम थांबली तर न बांधलेला गठ्ठा त्याच वेगाने पुढे येतो. तो मार सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या गठ्ठ्याइतका असतो. मागच्या आसनावर मुले आणि त्यांच्या पाठीमागे ताके, ही मांडणी कधीही करू नये. नमुन्यांची पेटीसुद्धा खाली, आसनाला टेकवून आणि दोरीने बांधून ठेवावी. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा.

या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या आसनांखाली असते, त्यामुळे चालकाच्या पुढे फारशी लांबी नसते. म्हणून हिचा वेग मोटारीइतका ठेवू नये. टायरमधील हवा रिकाम्या आणि भरलेल्या गाडीला वेगळी लागते, तिचा आकडा कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो. सीएनजीची टाकी दर ३ वर्षांनी तपासून घ्यावी. आणि घरगुती गॅसच्या सिलिंडरमधून चोरून गॅस भरलेली व्हॅन कितीही स्वस्त मिळाली तरी तिच्यात घरचे माणूस बसवू नये.

मग घ्यावे काय?

आमचा सल्ला साधा आहे. महिनाभर वहीत दोन रकाने करावेत. एकात गाडीभर माल नेण्याचे दिवस, दुसऱ्यात घरची माणसे नेण्याचे दिवस लिहावेत. माल रोज असेल तर मालवाहू गाडी घ्यावी, तिच्यात केबिनमध्ये मावतील तेवढीच मालासोबतची माणसे न्यावीत आणि लग्नाकार्याला प्रवासी परमिटची गाडी भाड्याने करावी. घरची माणसे रोजची आणि माल आठवड्यातून दोन खेपांचा असेल तर पांढऱ्या पाटीची व्हॅन पॅकेज विम्यासह घ्यावी आणि त्या दोन खेपांना टेम्पो लावावा. टेम्पोचे महिन्याचे भाडे आणि वर सांगितलेले ३२ लाख यांची तुलना ज्याची त्याने करावी.

जुनी गाडी घेताना पैसे देण्यापूर्वी नोंदणी पुस्तकातील वाहनाचा प्रकार आणि आसनांची संख्या, विम्याचा प्रकार आणि त्यातील वापराची मर्यादा, तसेच फिटनेसची तारीख स्वतः वाचावी. वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्यावी, एजंटाच्या तोंडी खात्रीवर राहू नये. विम्याचे नूतनीकरण जवळ आले असेल तर त्याच दिवशी हे कागद काढून पाहावेत. बदल करून घेण्याची ती सोयीची वेळ असते.