सामाईक सर्व्हरवर सॉफ्टवेअर : परवानगी किती, कोणाला?

२७ जून २०१७ रोजी उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे कामकाज एकाएकी ठप्प झाले. टर्मिनल चालविणाऱ्या डेन्मार्कच्या मेर्स्क समूहाची संगणक यंत्रणा ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक प्रोग्रामने जगभर निकामी केली होती. हा प्रोग्राम आला तो युक्रेनमधील ‘एम.ई.डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरून अधिकृत अद्ययावत आवृत्तीतच तो मिसळला होता. मेर्स्कच्या ओडेसा येथील कार्यालयात एका संगणकावर हे सॉफ्टवेअर कामाच्या गरजेपोटी रीतसर बसविले होते, असे नंतर प्रसिद्ध झाले. म्हणजे मागणी वाजवी होती आणि सॉफ्टवेअरही चोरीचे नव्हते. घात केला तो एका संगणकावरून साऱ्या जाळ्यावर पसरू देणाऱ्या अधिकारांनी.

एकाच सर्व्हरवर अनेकजण काम करतात तिथे हा प्रश्न रोजचाच असतो. पुण्याच्या ‘आयसर’मध्ये २०१९ साली उभारलेला ७९७ टेराफ्लॉप्स क्षमतेचा ‘परम ब्रह्म’ महासंगणक घ्या, अथवा इंदापूर तालुक्यातील लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याचा सर्व्हर घ्या. ‘मला अमुक सॉफ्टवेअर हवे’ ही मागणी येणारच. तिला सरसकट नकार देणे सोपे, पण निरुपयोगी. लिनक्स प्रणालीत स्वतःच्या फोल्डरमध्ये प्रोग्राम बसविण्यासाठी सहसा कोणाची परवानगी लागतच नाही. खरा फरक आहे तो सॉफ्टवेअर कोणत्या अधिकाराने बसते, यात. भाडेकरूने आपल्या खोलीत नवे कपाट आणणे वेगळे आणि वाड्याच्या सर्व कुलपांच्या किल्ल्या मागणे वेगळे. ‘रूट’ अधिकार म्हणजे त्या किल्ल्या.

आपल्या खोलीतले कपाटही निर्धोक नसते, हे २०२२च्या डिसेंबरात दिसले. ‘पायटॉर्च’ या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या प्रायोगिक आवृत्तीला लागणाऱ्या ‘टॉर्चट्रायटन’ नावाच्या घटकाची त्याच नावाची बनावट प्रत कोणीतरी सार्वजनिक भांडारात ठेवली होती. २५ ते ३० डिसेंबरदरम्यान ज्यांनी ती लिनक्सवर उतरवून घेतली, त्यांच्या फोल्डरमधील फायली आणि इतर संगणकांवर प्रवेश देणाऱ्या गुप्त किल्ल्या ती बाहेर पाठवीत असे. त्यासाठी रूट अधिकारांची गरजच नव्हती.

अशा किल्ल्यांचे मोल मोठे. मे २०२० मध्ये एडिंबरा येथील ‘आर्चर’ महासंगणक याच कारणास्तव बंद ठेवावा लागला. जर्मनीतील अनेक महासंगणकांवरही तीच पाळी आली. हल्लेखोर शिरले होते ते सामान्य वापरकर्त्यांच्या चोरलेल्या ओळखीने. एका संस्थेतील संशोधकाची किल्ली दुसऱ्या संस्थेचे दार उघडते, हे त्यामागचे इंगित.

सामान्य वापरकर्ता आणि रूट यांच्यामधील भिंतीलाही कधी तडे असतात. ‘पीकेएक्झेक’ या लिनक्सवर सर्रास आढळणाऱ्या प्रोग्राममधील २००९ पासूनचा दोष जानेवारी २०२२ मध्ये उघड झाला. त्याच्या आधारे कोणीही साधा वापरकर्ता सर्व्हरचा धनी होऊ शकत होता. तेव्हा वापरकर्त्यांना मोकळीक द्यायची, तर दुरुस्त्या वेळेवर बसविण्याची शिस्त व्यवस्थापकाकडे हवीच. ती नसेल तर मोकळीकही नको.

व्यवस्थापकांकडून एक चूक मात्र हमखास होते. रूट अधिकार ठामपणे नाकारायचे आणि ‘डॉकर’ वापरण्याची मुभा सहज द्यायची! नेहमीच्या रचनेत डॉकरच्या गटात असलेल्याला साऱ्या सर्व्हरवर रूटइतकाच ताबा मिळविता येतो. सामाईक महासंगणकांची ही अडचण ओळखूनच अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत २०१५ मध्ये ‘सिंग्युलॅरिटी’चे काम सुरू झाले. त्यात प्रोग्राम वापरकर्त्याच्याच अधिकारात चालतो.

लहान कारखान्यांची गोष्ट निराळी. तिथे स्वतंत्र संगणक व्यवस्थापक सहसा नसतो. हिशेब, साठा, पगार सारे एका विंडोज सर्व्हरवर आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चा पासवर्ड लेखापालापासून सॉफ्टवेअर विक्रेत्याच्या माणसापर्यंत सर्वांना ठाऊक, असा प्रकार असेल, तर फुकट मिळालेला एखादा प्रोग्रामही सर्वाधिकारांनिशी बसतो. प्रत्येकाला मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते देणे आणि नवे सॉफ्टवेअर आधी दुसऱ्या संगणकावर चालवून पाहणे, याला खर्च फारसा येत नाही. माहितीची एक प्रत मात्र सर्व्हरपासून पूर्ण तोडलेली हवी. जोडून ठेवलेली प्रतही सर्व्हरबरोबरच जाते.

मेर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. वापरकर्त्यांची ओळख आणि अधिकार सांभाळणाऱ्या त्यांच्या मुख्य सर्व्हरच्या प्रती जगभर होत्या, पण सर्व एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे त्या एकदमच पुसल्या गेल्या. प्रकाशित वृत्तांतानुसार एकच वाचली, घानामधील कार्यालयातली. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती.