जुन्या खेळाडूची जागा



आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आले असेल, की बेसबॉल हा अमेरिकेतला खेळ. आपल्या गावात त्याचे मैदान नाही, त्याचे नियम कुणाला ठाऊक नाहीत. मग त्यासाठी वसंतातली एक संध्याकाळ कशाला खर्ची घालायची? शंका रास्त आहे. पण बेसबॉल कसा खेळावा हे सांगण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. एका संघासाठी दहा-पंधरा वर्षे राबलेल्या माणसाचे हात मंदावू लागले, म्हणजे त्याचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक धंद्यात आहे. इतरत्र तो बंद दाराआड सुटतो किंवा चिघळतो. बेसबॉलमध्ये तो हजारो प्रेक्षकांच्या देखत घडतो, खेळाडूच्या प्रत्येक चुकीचा आकडा लिहून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तो छापून येतो. म्हणून हा प्रश्न तेथे नीट पाहता येतो.

प्रथम खेळाची जुजबी ओळख करून घेऊ. क्रिकेटमध्ये जसा गोलंदाज, तसा येथे पिचर. तो साठ फूट सहा इंचांवरून चेंडू फेकतो आणि तो टप्पा न घेता थेट फलंदाजाकडे येतो. ताशी ९५ मैल वेगाचा चेंडू पोहोचायला सुमारे चार दशांश सेकंद लागतात. एवढ्या वेळात चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा हे ठरवायचे आणि जड लाकडी बॅट फिरवायची. मोठ्या लीगमध्ये हंगामाला १६२ सामने असतात. म्हणजे वसंतापासून शरदापर्यंत जवळजवळ रोज खेळ. संघाच्या यादीत २०२० पासून २६ जागा आहेत, त्यापूर्वी २५ होत्या. एका जागेवर म्हातारा बसला, की खालच्या लीगमध्ये एक तरुण तिष्ठत राहिला, हा हिशेब तेथे कुणालाच टाळता येत नाही. आणखी एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सामन्यातून एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा परत येऊ शकत नाही.

आता वय झाले म्हणजे नेमके काय बिघडते? डोळा आणि स्मरण पुष्कळ काळ शाबूत असतात. कोणता पिचर कोणत्या वेळी काय फेकील, हे जुना फलंदाज तरुणापेक्षा अधिक जाणतो. मागे पडतात ते हात, आणि तेही क्षणाच्या एका बारीक अंशाने. परंतु सारा खेळच चार दशांश सेकंदांचा. तेथे तो अंश फार महाग पडतो. मग फलंदाज वेगवान चेंडूला गाठण्यासाठी बॅट थोडी आधीच फिरवू लागतो. पिचरच्या हे लगेच ध्यानात येते, आणि तो त्याला मुद्दाम हळू किंवा वळणारा चेंडू टाकतो. बॅट पुढे निघून जाते आणि चेंडू मागून येतो. प्रेक्षकाला वाटते, की याची नजर गेली. वास्तविक नजर जागेवर असते. हातांची उणीव भरून काढण्याच्या खटाटोपात तो फसलेला असतो.

ही घसरण एका दिवसात होत नाही. तिला पायऱ्या आहेत. मैदानातील काही जागा फार कष्टाच्या. कॅचरला एका सामन्यात शंभराहून अधिक वेळा उकिडवे बसून उठावे लागते. त्याचे गुडघे आधी जातात. शॉर्टस्टॉपला दोन्ही बाजूंना झेप घ्यावी लागते. म्हणून वय वाढले, की खेळाडूला सोप्या जागी हलवतात. शिकागोचा एर्नी बँक्स शॉर्टस्टॉपवर नावाजला आणि १९६२ पासून पहिल्या बेसवर उभा राहून १९७१ पर्यंत खेळला. न्यू यॉर्क यांकीज संघाचा थोर कॅचर योगी बेरा १९६० च्या अजिंक्यपदाच्या अखेरच्या सामन्यात डाव्या मैदानात उभा होता, आणि ज्या फटक्याने त्याचा संघ हरला तो फटका त्याच्याच डोक्यावरून कुंपणापार गेला.

पहिल्या बेसच्याही खाली एक पायरी आहे. १९७३ साली दोन मोठ्या लीगांपैकी अमेरिकन लीगने पिचरच्या ऐवजी दुसऱ्या एकाने फलंदाजी करावी असा नियम केला. या नियुक्त फलंदाजाला क्षेत्ररक्षण करावे लागत नाही. पाय गेले पण बॅट शिल्लक आहे, अशांना त्यामुळे आसरा मिळाला. विक्रमवीर हँक ॲरन याने आपले शेवटचे दोन हंगाम, १९७५ आणि १९७६, मिल्वॉकी येथे मुख्यतः याच जागेवर काढले. २०२२ पासून हा नियम नॅशनल लीगनेही स्वीकारला. त्याच्याही खालची पायरी म्हणजे बदली फलंदाज, पिंच हिटर. दोन-अडीच तास बाकावर बसून राहायचे आणि सामना अटीतटीला आला, की थंड पडलेल्या अंगाने उठून एकदाच बॅट फिरवायची. हे काम वाटते तितके हलके नाही. लेनी हॅरिस नावाच्या खेळाडूने कारकिर्दीत असे २१२ फटके यशस्वी केले. तो विक्रम ठरला. गंमत अशी, की पूर्वी नॅशनल लीगमध्ये पिचरची फलंदाजी कच्ची असल्यामुळे त्याच्या जागी या बदली फलंदाजांना वारंवार बोलावणे येई. नियुक्त फलंदाजाचा नियम तेथे आल्यावर ते बोलावणे कमी झाले. एका नियमाने एका म्हाताऱ्याला खुर्ची दिली आणि दुसऱ्याचा बाक आखूड केला.

येथवर शरीराचा विचार झाला. परंतु या पायऱ्या उतरताना माणसाला जी खरी टोचणी लागते ती निराळ्याच गोष्टीची असते. आता तू उतर, हे त्याला कोण सांगतो आणि कसे सांगतो, यावर सारे अवलंबून आहे. याची काही उदाहरणे पाहू.

यांकीजचा लू गेरिग १९२५ पासून सलग २१३० सामने खेळला. १९३९ च्या हंगामात त्याच्या अंगातले बळ एकाएकी ओसरले. मॅनेजर जो मॅकार्थी याने त्याला बसवले नाही. २ मे १९३९ रोजी डेट्रॉइट येथे गेरिगच त्याच्याकडे गेला आणि संघाच्या हितासाठी आपल्याला वगळावे असे त्याने सांगितले. संघनायक या नात्याने खेळाडूंची यादी पंचांकडे नेऊन देणे हे त्याचे काम. त्या दिवशी आपले नाव नसलेली यादी त्याने स्वतः नेऊन दिली. पुढे निदान झाले, ते स्नायू निकामी करणाऱ्या असाध्य रोगाचे. १९४१ साली तो वारला. तेव्हा तो अडतीस वर्षांचाही झाला नव्हता.

याच संघातला बेब रूथ याची गोष्ट उलटी आहे. बेसबॉलला घराघरांत नेणारा हा माणूस. उतारवयात त्याला मॅनेजर व्हायचे होते. यांकीजनी त्याला ती जागा दिली नाही आणि १९३५ साली मोकळे केले. बॉस्टन ब्रेव्ह्ज संघाने त्याला उपाध्यक्ष आणि साहाय्यक मॅनेजर अशा दोन पदव्या देऊन बोलावले. पदव्या भारदस्त होत्या, अधिकार मात्र काहीच नव्हता. त्याच्या नावावर तिकिटे खपावीत एवढाच हेतू. २५ मे रोजी पिट्सबर्ग येथे त्याने एकाच सामन्यात तीन होमरन मारले, तिसरा त्याच्या आयुष्यातला ७१४ वा आणि अखेरचा. त्यानंतर आठ दिवसांनी, २ जून रोजी, तो निवृत्त झाला. मोठ्या लीगमध्ये मॅनेजर होण्याची त्याची इच्छा शेवटपर्यंत पुरी झाली नाही. रिकाम्या पदवीने माणसाचा मान राहत नाही, तो अधिकच दुखावतो, हे या प्रकरणावरून दिसते.

तिसरे उदाहरण विली मेज याचे. १९५१ साली तो न्यू यॉर्कमध्ये जायंट्स संघाकडून खेळू लागला. पुढे तो संघ सॅन फ्रॅन्सिस्कोला गेला. १९७२ च्या मे महिन्यात, एक्केचाळिसाव्या वर्षी, त्याला न्यू यॉर्कच्या मेट्स संघाकडे देण्यात आले. शहराला आपला जुना लाडका परत मिळाला, पण पाय जुने राहिले नव्हते. १९७३ च्या अजिंक्यपदाच्या दुसऱ्या सामन्यात ओकलंडच्या उन्हात चेंडू पकडताना तो मैदानात कोलमडला. ते चित्र आजही, उतारवयात खेळत राहू नये, याचा दाखला म्हणून दाखवतात. पण त्याच सामन्यात बाराव्या डावात संघाला आघाडी मिळवून देणारा फटकाही त्यानेच मारला होता, हे सांगणारे थोडे. जुन्या खेळाडूचे असे होते. त्याची चूक ही वयाची चूक ठरते आणि त्याचे यश मात्र अपवाद म्हणून सोडून दिले जाते.

मेजची अदलाबदल झाली त्याच सुमारास या प्रश्नाला कायद्याचे वळण लागले. १८७९ पासून संघमालकांनी असा पायंडा पाडला होता, की करार संपला तरी खेळाडूवर हक्क त्याच संघाचा. त्याला विकावे, बदलावे किंवा ठेवावे, ही मालकाची मर्जी. १९६९ साली सेंट लुइस कार्डिनल्सने बारा हंगाम खेळलेल्या कर्ट फ्लड याला फिलाडेल्फियाकडे देऊन टाकले. त्याने जायचे नाकारले आणि न्यायालयात दाद मागितली. जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग या निवृत्त खेळाडूंनी त्याच्या बाजूने साक्ष दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल त्याच्या विरुद्ध दिला. फ्लडची कारकीर्द त्यात संपली. परंतु पुढच्याच वर्षी मालक व खेळाडू यांच्या करारात एक कलम आले: मोठ्या लीगमध्ये दहा वर्षे आणि त्यांपैकी शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीवाचून दुसऱ्या संघाला देता येणार नाही.

हे कलम प्रथम वापरले शिकागो कब्जच्या रॉन सँटो याने. कॅलिफोर्नियाला जाण्यास नकार देऊन तो शिकागोच्याच दुसऱ्या संघात, व्हाइट सॉक्समध्ये, गेला. तेथे त्याच्या जागेवर दुसरा खेळाडू आधीच होता. सँटोला नियुक्त फलंदाजी आणि अनोळखी जागा पत्कराव्या लागल्या, आणि १९७४ चा एक हंगाम खेळून चौतिसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला. घर बदलू नये एवढा हक्क कायदा देऊ शकला. त्याला साजेसे काम मात्र कायद्याला देता आले नाही.

अलीकडची दोन उदाहरणे सांगून हा भाग संपवतो. यांकीजचा कॅचर होर्हे पोसाडा. २०११ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याची कॅचरची जागा गेली आणि तो नियुक्त फलंदाज झाला. मे महिन्यातील एका सामन्यात त्याचे नाव फलंदाजीच्या क्रमात नववे, म्हणजे अगदी शेवटचे, लागले. तो अपमान त्याला सोसला नाही. आपण आज खेळत नाही असे त्याने कळवले, आणि दुसऱ्या दिवशी माफी मागितली. आता यातील मर्म पाहा. ज्याने हा क्रम लावला तो मॅनेजर जो जिरार्डी एकेकाळी याच संघाचा कॅचर होता आणि त्याची जागा तरुण पोसाडानेच घेतली होती. जिरार्डीला त्या दुःखाची चव ठाऊक होती, तरीही क्रम लावणे त्याला चुकले नाही. राग गिळून पोसाडा संघात राहिला आणि त्या वर्षीच्या बाद फेरीत त्याची बॅट उत्तम चालली.

दुसरा ॲल्बर्ट पूहोल्स. सेंट लुइसमध्ये अकरा हंगाम गाजवून तो २०११ च्या अखेरीस दहा वर्षांच्या आणि २४ कोटी डॉलरच्या करारावर एंजल्स संघाकडे गेला. २०२१ च्या मे महिन्यात, कराराचे शेवटचे वर्ष चालू असताना, संघाने त्याला यादीतून काढले. पगार द्यायचा होताच, पण जागा द्यायची नव्हती. एवढ्या द्रव्यानेही ती जागा राखता आली नाही. पुढच्या वर्षी सेंट लुइसने त्याला परत बोलावले. मॅनेजर ऑलिव्हर मार्मोल त्याच्याहून वयाने लहान. नेमून दिलेले काम मोजके: मुख्यत्वे डावखुऱ्या पिचरांविरुद्ध फलंदाजी करावी आणि एरवी तरुणांशेजारी बसावे. हंगामाच्या पूर्वार्धात त्याचे फक्त सहा होमरन झाले. उत्तरार्धात अठरा झाले. २३ सप्टेंबर २०२२ रोजी त्याने कारकिर्दीतला सातशेवा होमरन मारला आणि ७०३ वर तो थांबला.

रूथला पदवी मिळाली, काम मिळाले नाही. सँटोला हक्क मिळाला, पण जागा मनाजोगी मिळाली नाही. पूहोल्सला लहानसे, परंतु खरे काम मिळाले आणि ते लहान आहे हे त्याने मान्य केले. माझ्या मते या सगळ्याचे सार येथे आहे. वयाबरोबर कामाचा आकार कमी होणे यात अन्याय नाही. तरुणालाही केव्हातरी मैदानात उतरायचे असते. अन्याय होतो तो, कमी झालेले काम खोट्या मानाखाली झाकले म्हणजे, किंवा माणसाला न विचारता त्याची बदली ठरवली म्हणजे. ज्याच्याजवळ जे उरले आहे ते नीट पारखून त्याला तेवढेच, पण खऱ्या गरजेचे काम द्यावे आणि ते तोंडावर सांगावे, एवढी अपेक्षा जुन्या माणसाने संघाकडून केली तर ती जास्त नाही. आणि यादीत आपले नाव नसेल तेव्हा ती यादी स्वतः नेऊन देण्याची तयारी त्यानेही ठेवली पाहिजे.