धो धो पाऊस, तरी उन्हाळ्यात टँकर. उत्तर शोधतेय आयआयटीची ‘सितारा’

इंजिनिअरिंगची पदवी म्हटली की घरात आधी विचारतात, पॅकेज किती? मुंबईच्या आयआयटीतल्या एका अभ्यासक्रमात मात्र प्रश्न वेगळा असतो. गावाची विहीर कधी आटते आणि का आटते?

या अभ्यासक्रमाचे नाव ‘टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंट’. पवईच्या आयआयटीत १९८५ साली ग्रामीण भागाला उपयोगी पडेल असे तंत्रज्ञान शोधण्यासाठी एक केंद्र सुरू झाले. सगळे त्याला ‘सितारा’ म्हणून ओळखतात. २००७ पासून तिथे एम.टेक.ची पदवी मिळते. सिव्हिल, मेकॅनिकल, कॉम्प्युटर अशा वेगवेगळ्या शाखांची मुले एकाच वर्गात बसतात. यंत्र आणि पाणी यांच्याबरोबर त्यांना शेती, अर्थकारण आणि सरकारी कारभारही शिकावा लागतो. शिवाय काही आठवडे गावात मुक्काम करावाच लागतो.

एका शाखेचे काम नव्हे

एवढ्या शाखा कशाला, हे कर्जत, शहापूर भागाकडे पाहिले की कळते. सिताराच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या पाणीटंचाईचा बराच अभ्यास केला आहे. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस पडतो, पण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. कारण खाली बेसाल्टचा कठीण खडक आहे, पाणी फारसे मुरत नाही. उतार मोठा असल्यामुळे पडलेले पाणी समुद्राकडे निघून जाते. हे झाले भूशास्त्र. नळयोजना करायची तर टाकी किती उंचीवर हवी आणि पाइप किती जाड हवा, हे इंजिनिअर सांगेल. पण वीजबिल कोण भरणार? पाणीपट्टी वसूल होणार का? शेवटच्या वाडीला पाणी पोहोचणार का? ही उत्तरे पाइपच्या गणितातून मिळत नाहीत. बंद पडलेल्या योजना बहुतेक वेळा इथेच अडकलेल्या असतात.

प्राध्यापकही दोन्ही टोकांना

इथले प्रा. मिलिंद सोहोनी मूळचे संगणकशास्त्राचे. केतन मुळमुले यांच्यासोबत त्यांनी मांडलेला ‘जिओमेट्रिक कॉम्प्लेक्सिटी थिअरी’ हा सिद्धांत जगभर अभ्यासला जातो. तेच सोहोनी विद्यार्थ्यांना घेऊन गावच्या पाण्याचा हिशेब मांडत राहिले.

हा हिशेब दुकानाच्या जमाखर्चासारखाच असतो. पडलेला पाऊस ही जमा. वाहून गेलेले पाणी, पिकाने घेतलेले, जमिनीत ओल म्हणून राहिलेले आणि खाली मुरलेले, अशी त्याची वाटणी. सरकारी भाषेत याला पाण्याचा ताळेबंद म्हणतात. ऊस लावायचा की हरभरा, हे या ताळेबंदावरून ठरले तर विहीर वाचते. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावनिहाय ताळेबंदाची पद्धत आयआयटीने तयार करून दिली. पहिल्या टप्प्यात १५ जिल्ह्यांतली सुमारे ५ हजार गावे होती. वर्गातला अभ्यास सरकारी कामात उतरला, ही या केंद्राची मोठी कमाई.

सीमाभागाने काय घ्यावे?

२०१६ मध्ये महाराष्ट्राने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू केले. इतर कॉलेजांच्या विद्यार्थ्यांनीही आपल्याच जिल्ह्यातले प्रश्न अभ्यासावेत, हा त्यामागचा हेतू. राज्याची हद्द बदलली म्हणून ही कल्पना थांबायचे कारण नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे. फर्मागुडीला गोव्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सगळ्यांनाच करावा लागतो. तो बाजारातून तयार आणण्यापेक्षा आपल्या गावच्या नळयोजनेवर केला तर?

जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. म्हणजे हजार वस्तीच्या गावाला रोज ५५ हजार लिटर. तेवढे पाणी खरोखर येते का, हे मोजायला आयआयटीच लागते असे नाही. बादली, घड्याळ, वही आणि घरोघर जायची तयारी एवढ्यावर सुरुवात होते.

सिताराच्या एम.टेक.साठी ‘गेट’ परीक्षा द्यावी लागते. बेळगाव, गोवा, इंदूर, हैदराबाद, कुठल्याही राज्यातल्या मुलांना हा रस्ता खुला आहे.